एक्सेलचा तक्ता वर्डमध्ये आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट-सप्टेंबर हा आमच्या टायपिंग-डीटीपीच्या धंद्यातला वार्षिक सभांचा हंगाम. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची असते, त्यामुळे ताळेबंद एक्सेलमध्ये, अहवाल वर्डमध्ये आणि सेक्रेटरी दुकानाच्या दारात, हे चित्र दरवर्षीचं. प्रश्नही दरवर्षी तेच. ते एकदा लिहून ठेवतो. उत्तरं विंडोजवरच्या वर्ड आणि एक्सेलची आहेत, लिब्रेऑफिसवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, इथे तीच देवनागरीत लिहिली आहेत.

वर्डच्या कागदात एक्सेल चालतं तरी कसं? दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत ना?

वेगळेच आहेत. पण एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला आपल्या खिडकीत जागा द्यायची आणि तेवढ्या जागेतलं काम त्याच्याकडून करून घ्यायचं, अशी सोय विंडोजमध्ये जुनीच आहे. तिचं नाव ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग, तोंडी ‘ओले’. मायक्रोसॉफ्टने ती १९९० मध्ये आणली आणि १९९३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. वर्डमधल्या तक्त्यावर डबल-क्लिक केलं की वरचे मेनू बदलून एक्सेलचे होतात ना, ती या दुसऱ्या आवृत्तीची करामत. त्या वेळी वर्ड फक्त चौकट धरून बसलेलं असतं, बेरीज एक्सेलच करत असतं. म्हणूनच त्या कॉम्प्युटरवर एक्सेल नसेल तर डबल-क्लिकचा काही उपयोग होत नाही.

मी तर नुसतं कॉपी आणि पेस्ट करतो. त्यात हे सगळं येतं का?

नाही. साध्या पेस्टने वर्डचा स्वतःचा टेबल तयार होतो. दिसायला एक्सेलसारखा, पण सूत्रं गेलेली, फक्त उत्तरं उरलेली. एखादा आकडा बदला, खालची बेरीज ढिम्म हलणार नाही. मागच्या वर्षी एका अहवालात ‘एकूण खर्च’ आणि वरच्या रकमांची बेरीज यांत बाराशे रुपयांचा फरक निघाला, तो असाच. कोणीतरी वर्डमध्ये वीजबिलाची रक्कम दुरुस्त केली आणि एकूण तशीच राहिली. सभेत पहिला प्रश्न त्यावरच.

कॉपी करता तेव्हा एक्सेल तोच तक्ता क्लिपबोर्डवर अनेक रूपांत देऊ करतं: एक्सेलची वस्तू म्हणून, रंगरूपासह मजकूर म्हणून, साधा मजकूर म्हणून, चित्र म्हणून. त्यातलं कुठलं घ्यायचं ते पेस्ट करणारा प्रोग्रॅम ठरवतो. त्यामुळे एकच तक्ता नोटपॅडमध्ये नुसते आकडे होऊन येतो, पेंटमध्ये चित्र होऊन आणि वर्डमध्ये टेबल होऊन. कट-कॉपी-पेस्टची कल्पना झेरॉक्सच्या पार्क या संशोधनशाळेत सत्तरच्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली. टेस्लर २०२० मध्ये गेले, तेव्हा आमच्या दुकानात कोणाला त्यांचं नावही माहीत नव्हतं, आणि दिवसभर बोटं मात्र कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीवरच.

कॉपी केलं, एक्सेल बंद केलं, आणि ‘पेस्ट लिंक’ करड्या रंगाचं झालं. का?

‘पेस्ट लिंक’ म्हणजे तक्ता मूळ एक्सेल फाइलशी दुव्याने जोडून पेस्ट करणं, आणि जिच्याशी दुवा जोडायचा ती फाइलच तुम्ही मिटली. पेस्ट होईपर्यंत एक्सेल उघडं हवं आणि कॉपी केलेल्या भागाभोवती ती पळणारी तुटक रेघ दिसत हवी. मध्येच एस्केप दाबलं किंवा एखाद्या घरात (म्हणजे सेलमध्ये) काही टाइप केलं की रेघ जाते आणि तिच्याबरोबर लिंकचा पर्यायही. आणखी एक: एक्सेलची फाइल आधी सेव्ह केलेली असावी. ‘बुक१’ नावाच्या, अजून कुठेच न ठेवलेल्या वहीशी दुवा जोडून काय मिळणार?

पेस्ट स्पेशलमध्ये सात-आठ पर्याय दिसतात. नेमका कुठला?

कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबलं की ती यादी येते. डावीकडे ‘पेस्ट’ आणि ‘पेस्ट लिंक’ असे दोन गोल, आणि उजवीकडे रूपांची यादी. मी वापरतो ती रूपं चारच.

‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल वर्कशीट ऑब्जेक्ट’ म्हणजे खरी एक्सेलची वस्तू. ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ किंवा ‘एचटीएमएल’ म्हणजे वर्डचा टेबल, आणि डावीकडे पेस्ट लिंक निवडलं असेल तर दुवा असलेला टेबल. ‘पिक्चर’मध्ये एन्हान्स्ड मेटाफाइल घ्या, छपाईत अक्षरं फाटत नाहीत. बिटमॅप घेऊ नका. आणि ‘अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट’, ज्याच्याबद्दल मराठीच्या प्रश्नात बोलतो.

लिंक आणि एम्बेड यांत फरक काय? आम्हाला दोन्ही सारखेच दिसतात.

दिसायला सारखेच. फरक आहे तो आकडा कुठे राहतो यात.

एम्बेड केलं की एक्सेलच्या वहीची एक प्रत वर्डच्या फाइलच्या पोटात जाते. मूळ वहीशी संबंध संपला. मूळ वही बदलली तरी इथे काही होत नाही, इथे बदललं तरी तिथे होत नाही. थोडक्यात, त्या क्षणापासून तुमच्याकडे दोन ताळेबंद. लिंक केली की वर्डमध्ये फक्त पत्ता आणि शेवटचं दिसलेलं रूप राहतं, आकडा एक्सेलमध्येच. फाइलही हलकी राहते.

मी कोणी विचारलं की उलट विचारतो: सभेच्या आदल्या रात्री खजिनदार आकडा बदलणार आहेत का? हो म्हणाले तर लिंक, कारण अहवालात तोच आकडा तीन ठिकाणी असतो आणि हाताने बदलताना एक जागा सुटतेच सुटते. हिशोब लेखापरीक्षकांनी सही करून पक्का झाला असेल तर साधा टेबल किंवा चित्र. एम्बेड मी जवळपास कधीच करत नाही, आणि बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये तर नाहीच. का ते पुढच्या प्रश्नात.

एम्बेड केलेल्या चार ओळींतून बाकीची वही कोणाला दिसू शकते का?

दिसू शकते. नुसती दिसत नाही, सगळीच्या सगळी जाते. हा प्रश्न लोक सर्वांत उशिरा विचारतात, म्हणजे प्रकार घडून गेल्यावर.

एका सोसायटीचं सांगतो, नाव राहू द्या. सेक्रेटरींनी रंगकामाच्या खर्चाचा सहा ओळींचा तक्ता नोटिशीत घातला. कुठून तरी शिकले होते, म्हणून ‘वर्कशीट ऑब्जेक्ट’ निवडून घातला. वर्डची फाइल तशीच सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. त्यातल्या एका तरुण सभासदाने लॅपटॉपवर उघडून तक्त्यावर सहज डबल-क्लिक केलं. खाली शीटचे टॅब दिसले: ‘रंगकाम’, ‘पगार’, ‘थकबाकी २३-२४’. थकबाकीच्या शीटवर प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि शेऱ्याच्या रकान्यात सेक्रेटरींनी स्वतःपुरत्या केलेल्या नोंदी. ‘फोन उचलत नाहीत’ ही त्यातली सौम्य. पुढचे दोन महिने त्या ग्रुपवर रंगकामाचा विषयच निघाला नाही.

चूक अशी की सहा ओळी निवडल्या म्हणून सहाच ओळी जातात असं वाटतं. ती चौकट नुसती खिडकी आहे, खिडकीमागे घर अख्खं. पडताळून पाहायचं असेल तर वर्डच्या फाइलची एक प्रत करा, तिच्या नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर, त्यात ‘एम्बेडिंग्ज’, आणि त्यात तुमची एक्सेलची वही जशीच्या तशी पडलेली. डबल-क्लिकचीही गरज नाही, आणि शीट लपवून ठेवली असली तरी ती वहीबरोबर गेलेलीच असते.

आलेखांचंही तसंच. एक्सेलमधला आलेख पेस्ट करताना येणाऱ्या छोट्या चिन्हांत ‘एम्बेड वर्कबुक’वाले पर्याय असतात, ते निवडले की आलेखाबरोबर वही जाते. बाहेर पाठवायचा आलेख चित्र म्हणून पेस्ट करा.

लिंक केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर आकडे जुनेच दिसतात.

दुवा म्हणजे पूर्ण पत्ता: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, फाइल, शीट, घरं. पेन ड्राइव्हवर फक्त वर्डची फाइल घेतली तर पत्त्यावर कोणी राहत नाही, आणि शेवटचं रूप तेवढं दिसतं. दोन्ही फाइल्स नेल्या तरी ड्राइव्हचं अक्षर बदललं की तीच गत. अपडेट करायला गेलात तर फाइल सापडत नाही असा संदेश.

दुरुस्ती: फाइल, मग इन्फो, आणि उजवीकडे अगदी खाली बारीक अक्षरांत ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’. ती ओळ न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच की कागदात लिंकच नसते. आपण केली असं वाटत असतं, केलेला असतो साधा पेस्ट. तिथे ‘चेंज सोर्स’ने नवा पत्ता द्या. लिंक्स पंधरा-वीस असतील तर हे एकेक करणं कंटाळवाणं आहे. त्यापेक्षा ऑल्ट-एफ ९ दाबा, सगळे दुवे कोडच्या रूपात दिसतात, मग नेहमीच्या शोधा-आणि-बदला खिडकीतून जुना पत्ता काढून नवा घाला. कोडमध्ये फोल्डरांच्या मधली तिरपी रेघ दोनदा लिहिलेली असते, ती दोनदाच ठेवायची. पुन्हा ऑल्ट-एफ ९, सगळं निवडा, एफ ९.

एक्सेलमध्ये दोन ओळी वाढवल्या आणि वर्डमधून शेवटच्या दोन ओळी गायब झाल्या!

पत्त्यात घरांची संख्या ठरलेली असते: पहिल्या ओळीपासून दहाव्या ओळीपर्यंत, पहिल्या रकान्यापासून चौथ्यापर्यंत. वर्ड बंद असताना तुम्ही एक्सेलमध्ये मध्ये ओळी घातल्या, ‘एकूण’ची ओळ बाराव्या जागी गेली, आणि वर्ड आपलं दहाव्या ओळीपर्यंतच आणतंय. धोका असा की जे दिसतं ते व्यवस्थितच दिसतं. फक्त एकूण नसते.

उपाय: एक्सेलमध्ये तो भाग निवडून डावीकडे वरच्या नावाच्या चौकटीत त्याला नाव द्या. रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मग वर्डमध्ये ऑल्ट-एफ ९ करून कोडमधल्या घरांच्या पत्त्याऐवजी ते नाव लिहा. आता ओळी त्या भागाच्या मध्ये घातल्या की नावाचा पसारा आपोआप वाढतो. अगदी शेवटच्या ओळीखाली घातल्या तर मात्र नाही, म्हणून ‘एकूण’ची ओळ नावाच्या आत घ्या आणि नव्या ओळी तिच्यावर घाला.

तक्ता लांब आहे, पानाखाली कापला जातो.

ऑब्जेक्ट म्हणून घातला असणार. एम्बेड केलेली वस्तू वर्डच्या दृष्टीने एकच चित्र, ती दोन पानांवर तुटत नाही. लांब तक्ता ‘फॉरमॅटेड टेक्स्ट’ किंवा ‘एचटीएमएल’ निवडून, हवं तर लिंकसह, पेस्ट करा. तो वर्डचा टेबल होतो, पुढच्या पानावर जातो, आणि टेबलच्या लेआउट टॅबमधल्या ‘रिपीट हेडर रोज’ने शीर्षकाची ओळही प्रत्येक पानावर येते.

याच घरातला दुसरा त्रास: एम्बेड केलेला तक्ता उघडून खाली विसाव्या ओळीपर्यंत सरकवला आणि बाहेर क्लिक केलं, तर कागदावर विसाव्या ओळीपासूनचं दिसायला लागतं. काही हरवलेलं नसतं. पुन्हा उघडा, वर सरकवा, मग बाहेर क्लिक करा.

फाइल उघडताना ‘लिंक्स अपडेट करू का’ असं विचारतं. हो म्हणायचं?

फाइल स्वतःची असेल तर हो. ईमेलवरून अनोळखी माणसाची आली असेल तर नाही, आणि वरची ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ची पिवळी पट्टीही घाईने बंद करू नका. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला हाक मारू शकतो, ही सोय चोरांनाही कळलेली आहे. २०१७ मध्ये डीडीई नावाच्या, ओलेहूनही जुन्या पद्धतीचा वापर करून वर्डच्या फाइल्समधून हल्ले झाले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डमधली ती पद्धत बंदच करून टाकली.

८४ सभासदांना प्रत्येकाच्या थकबाकीचं वेगळं पत्र काढायचं आहे. ८४ वेळा टाइप करू?

नका करू. मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं-रकमा आपोआप भरण्याची सोय, त्यासाठीच आहे. एक्सेलच्या पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, दुसऱ्या ओळीपासून सभासद. वर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, गणपतीचं चित्र असलं काही नको. पहिल्या ओळीत जे असेल त्यालाच वर्ड रकान्याचं नाव समजतं. घरं एकत्र केलेली नकोत, मध्ये रिकामी ओळ नको. मग वर्डमध्ये मेलिंग्ज, सिलेक्ट रेसिपियंट्स, ती फाइल, ती शीट, आणि पत्रात जागोजागी ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’.

दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडली की ‘हा कागद उघडल्यावर पुढील एसक्यूएल कमांड चालेल’ असा संदेश येतो आणि लोक घाबरून ‘नो’ दाबतात. ‘नो’ म्हटलं की यादीशी संबंध तुटतो. तुमचंच पत्र असेल तर ‘येस’. वर्ड फक्त तुमच्या शीटमधून नावं मागतंय.

एक्सेलमध्ये सगळं नीट आहे, पत्रात मात्र रक्कम ४५७३.१०००००००००००४ अशी येते.

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तर कळलं की बाकीच्या दहा तक्रारी आपोआप सुटतात. एक्सेलच्या घरात दोन गोष्टी असतात: खरा आकडा आणि त्याच्यावर चढवलेला पोशाख. दोन दशांश स्थळं, टक्क्याचं चिन्ह, तारखेचं रूप, स्वल्पविराम हा सगळा पोशाख. मर्ज करताना वर्ड खरा आकडा उचलतं, पोशाख तिथेच टाकून. म्हणून २१% चं ०.२१ होतं. ५ ऑगस्टची तारीख अमेरिकी पद्धतीने ८/५ होऊन येते आणि सभासद ८ मेपासूनच्या थकबाकीबद्दल भांडायला येतो. पैशांच्या बाबतीत तर संगणकाच्या आतली ती शेवटची शेपटीही बाहेर येते. वर्डच्या खूप जुन्या आवृत्त्यांत हे होत नसे, कारण त्या एक्सेललाच विचारून दिसणारा आकडा घेत. २००२ च्या आवृत्तीपासून वर्ड सरळ फाइल वाचायला लागलं.

दोन उपाय. पहिला वर्डमध्ये: ऑल्ट-एफ ९ दाबून फील्डच्या नावापुढे, महिरपी कंसाच्या आत, \# "#,##0.00" एवढं लिहायचं. तारखेसाठी \@ आणि पुढे अवतरणात लहान डी दोनदा, तिरपी रेघ, मोठा एम दोनदा, तिरपी रेघ, लहान वाय चारदा. एम मोठाच हवा. लहान एम म्हणजे मिनिटं, आणि मग प्रत्येकाच्या पत्रात महिन्याच्या जागी ०० छापलेलं निघतं. मी छापलंय. ११० पत्रं.

दुसरा उपाय एक्सेलमध्ये, आणि मला तोच पटतो: शेजारी एक नवा रकाना करून आकड्याला पोशाखासकट मजकूर करून टाकायचा. मग वर्डला सोडून देण्यासारखं काही उरतच नाही.

लाखांचे स्वल्पविराम हवेत. १,२३४,५६७ नको, १२,३४,५६७ हवं.

त्याच नव्या रकान्यात टेक्स्ट हे फंक्शन वापरा. पहिल्या जागी रकमेचं घर आणि दुसऱ्या जागी अवतरणात हा साचा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

साच्याचे तीन तुकडे आहेत: कोटीच्या वर, लाखाच्या वर, आणि बाकी. पैसे हवे असतील तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी .00 जोडा. उणे रकमा तिसऱ्या तुकड्यात पडतात, त्यामुळे उणे पाच लाखांना स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने लागतो. ताळेबंदात तूट मोठी असेल तर तेवढं डोळ्यांनी पाहा.

फक्त एक्सेलमध्ये दिसण्यापुरतं हवं असेल तर एवढा खटाटोप नको. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये आकड्यांचे गट भारतीय पद्धतीचे निवडले की एक्सेलचा नेहमीचा स्वल्पविरामच लाखांचा होतो. पण ते त्या कॉम्प्युटरपुरतं. दुसरीकडे उघडलं की पुन्हा मिलियन.

देवनागरी अंकांची मागणीही असते, विशेषतः अनुक्रमांकाला. त्याला साचा [$-4000439]0 असा. घरात आकडा खराच राहतो, दिसतो मात्र ४२ असा. पत्रात न्यायचा तर तोही टेक्स्टमधूनच.

काही सदनिकांचे क्रमांक पत्रात कोरे येतात.

१०१, १०२, १०३ आणि खाली कुठेतरी ए-३ किंवा ‘दुकान २’, असं आहे ना? फाइल वाचणारा मधला दुवा वरच्या आठ ओळी पाहून ठरवतो की हा रकाना आकड्यांचा की मजकुराचा. आठही आकडे दिसले की नंतरचं ‘दुकान २’ त्याच्या लेखी आकडा नाही, म्हणून टाकून दिलं. तक्रारही करत नाही. अख्खा रकाना मजकूर करा. घरांचं फॉरमॅट नंतर ‘टेक्स्ट’ केल्याने आधी लिहिलेले आकडे बदलत नाहीत, ते पुन्हा टाइप करावे लागतात किंवा आधी ॲपॉस्ट्रॉफी द्यावा लागतो. आळस असेल तर ‘दुकान २’ला यादीत सर्वांत वर बसवा. दुकानदार खूशही होतात.

याच आठ ओळींमुळे लांबलचक शेरेसुद्धा २५५ अक्षरांवर कापले जातात. लांब शेरा असलेला सभासद वर घ्या.

मराठी नावांच्या जागी ????? आलं. किंवा भलतीच इंग्रजी अक्षरं आली.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

प्रश्नचिन्हं आली म्हणजे पेस्ट स्पेशलमध्ये तुम्ही ‘अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ निवडलं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना जागा देणारा अक्षरसंच. विंडोजच्या जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत देवनागरीला जागाच दिलेली नव्हती, त्यामुळे त्या वाटेने गेलेलं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होतं. शेजारचं ‘अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट’ निवडा.

भलती इंग्रजी अक्षरं आली म्हणजे एक्सेलमधली नावं श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत आहेत. तिथे ‘क’ हा खरा ‘क’ नसतोच. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. मर्जमध्ये फॉन्ट येत नाही, आणि चित्राखालचं अक्षर उघडं पडतं. तात्पुरतं काम भागवायचं तर वर्डमध्ये ते फील्ड निवडून त्याला तोच फॉन्ट द्या. पण संस्थेच्या सभासदांची यादी अजून या फॉन्टांत ठेवणं म्हणजे दरवर्षी हाच त्रास. एकदा कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं हाताने तपासा, रफार आणि ‘श्र’ खास करून.

युनिकोड असूनही मर्ज झालेलं नाव बाकीच्या मजकुरापेक्षा लहान किंवा वेगळ्या वळणाचं दिसतं, त्याचं कारण वर्ड देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळा धरतं. फील्ड निवडून कंट्रोल-डी करा, खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा कप्पा आहे, तिथेही फॉन्ट आणि आकार भरा. वर मंगल आणि खाली कोकिळा असं झालं तर एकाच आकारात कोकिळा फारच बारीक दिसतो.

जुन्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेतल्या समीकरणांवर डबल-क्लिक केलं तर काहीच उघडत नाही.

शिक्षकांचा प्रश्न, पण जात तीच. ती समीकरणं वर्डमध्ये लिहिलेली नव्हतीच. इक्वेशन एडिटर ३.० हा वेगळा छोटा प्रोग्रॅम ऑफिसबरोबर मिळत असे, त्यात लिहून एम्बेड केलेली होती. त्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची मोठी भगदाडं सापडली, आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटने तो ऑफिसमधून काढून टाकण्यात आला. कागदावर चित्र दिसतं, छापताही येतं, दुरुस्त करणारा गेला. नव्या वर्डमध्ये डबल-क्लिकवर समीकरण नव्या पद्धतीत बदलून देण्याचा पर्याय येतो, तो घ्या. जुन्या आवृत्तीवर असाल तर मॅथटाइपमध्ये ती उघडतात. दोन-चारच असतील तर पुन्हा लिहिणं सोपं.

लिब्रेऑफिसमध्ये हे होतं का? आमच्याकडे ऑफिस विकत घेतलेलं नाही.

होतं, आणि फुकट आहे. मेनू मराठीतही करता येतात. कॅल्क म्हणजे तिथलं एक्सेल, रायटर म्हणजे तिथलं वर्ड. कॅल्कमधला भाग कॉपी करून रायटरमध्ये पेस्ट स्पेशल, तिथे डीडीई लिंक. वर्डमध्ये बंद झालेलं नाव इथे पाहून दचकू नका. दुव्यांची यादी एडिट मेनूत ‘लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स’ इथे. मेल मर्जसाठी कॅल्कची फाइल आधी डेटाबेस म्हणून नोंदवावी लागते. मग रायटरमध्ये डेटा सोर्सेसची पट्टी उघडून रकान्याचं शीर्षक उचलायचं आणि पत्रात सोडायचं, बस्स. हे काम मला वर्डपेक्षा इथे सुटसुटीत वाटतं. फक्त वर्डमध्ये एम्बेड केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये उघडून, बदलून, पुन्हा वर्डमध्ये न्यायच्या भानगडीत पडू नका. एकदा गेलं ते गेलं.

छपाईला देताना काय करायचं?

वर्ड ऑप्शन्समध्ये ‘डिस्प्ले’ या पानावर छपाईचे पर्याय आहेत. त्यात ‘अपडेट लिंक्ड डेटा बिफोर प्रिंटिंग’वर खूण आहे का पाहा. असेल तर छापताना आकडे स्वतःहून ताजे होतात. आकडे पक्के व्हायच्या आधी हे चांगलं, पक्के झाल्यावर नको. पक्के झाले की फाइलची प्रत करून त्या प्रतीत सगळं निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ दाबा: सगळे दुवे तुटतात, आकडे साधे होऊन कागदावर राहतात. पान क्रमांकही गोठतील, ते शीर्षपट्टीत असले तर वाचतात, मजकुरात असले तर नाही. अनुक्रमणिकेचंही तेच, म्हणून ती आधी अपडेट करा. मग पीडीएफ. प्रेसला, ग्रुपवर आणि सूचना फलकावर ती पीडीएफच जाऊ द्या, आणि दुवे शाबूत असलेली मूळ वर्ड फाइल एक्सेलच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. पुढच्या ऑगस्टमध्ये लागेल.